कामाच्या ठिकाणी प्रथमोपचार : डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत काय करावे?

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जवळच्या लहान कारखान्यातले तीन कामगार धावत माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्यापैकी एकाची तर्जनी प्रेस मशीनमध्ये सापडून तुटली होती. मनगटाला वायर करकचून बांधली होती, जखमेत हळद भरली होती आणि तुटलेले बोट रसवंतीतून आणलेल्या बर्फात थेट ठेवले होते. सोबतच्या दोघांनी जे सुचले ते सगळे मनापासून केले होते. पण बर्फ थेट लागल्यामुळे बोटाच्या पेशी खराब झाल्या होत्या. पुढे शल्यचिकित्सकांना ते जोडता आले नाही. नीट आणले असते तर ते नक्की जोडले गेले असते, असे मी म्हणणार नाही. पण प्रयत्न करायची संधी तरी मिळाली असती.

त्या कारखान्यात प्रथमोपचार पेटी होती. तिला कुलूप होते, किल्ली सुपरवायझरकडे होती आणि सुपरवायझर सुट्टीवर होता.

प्रथमोपचार म्हणजे नेमके काय?

प्रथमोपचार म्हणजे आजार बरा करणे नव्हे. त्याची उद्दिष्टे तीनच: जीव वाचवणे, इजा वाढू न देणे आणि रुग्णाला लवकर वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचवणे. हृदय बंद पडले तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात रुग्णवाहिका येईलच असे नाही. त्या मिनिटांत शेजारच्या टेबलावर किंवा मशीनवर काम करणारा सहकारीच उपयोगी पडतो.

रक्तस्राव आणि तुटलेले बोट

* शक्य असेल तर हातमोजे घाला. स्वच्छ गॉज किंवा धुतलेले कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. किमान दहा मिनिटे दाब सोडू नका. 'थांबले का' म्हणून मध्येच उचलून पाहिले तर धरत आलेली गुठळी निघते.
* कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवा आणि दाब वाढवा.
* हळद, चहा पावडर, कॉफी जखमेत भरू नका. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि आम्हाला जखम नीट दिसत नाही.
* वायर किंवा सुतळी बांधू नका. दाबूनही न थांबणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावासाठी खास पट्टा असतो आणि तो बांधण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते.
* जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ओढून काढू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या.
* तुटलेले बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये.

भाजणे आणि डोळ्यात रसायन जाणे

भाजलेल्या भागावर लगेच नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडा. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढा. चिकटलेले कपडे ओढू नका, फोड फोडू नका. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नका. नंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाका.

डोळ्यात ॲसिड, चुना किंवा साफसफाईचे द्रावण गेले तर डोळा चोळू नका. इजा झालेला डोळा खालच्या बाजूला राहील असे डोके कलते करा आणि पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे पाण्याने धुवा. दवाखान्यात येताना त्या बाटलीच्या लेबलचा फोटो आणा. कोणते रसायन आहे हे कळले की उपचार लवकर सुरू होतात.

विजेचा धक्का आणि हृदय बंद पडणे

विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. म्हणूनच तो कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत हवे. मग खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालू नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर हृदय बंद पडले आहे असे समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. इथे बरेच जण फसतात.

1. एकाला १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. फोन स्पीकरवर ठेवा.
2. रुग्णाला टणक जमिनीवर उताणे झोपवा.
3. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरे सरळ ठेवून छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबा.
4. वेग मिनिटाला १०० ते १२० ठेवा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.
5. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. मदत येईपर्यंत थांबू नका.

तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल तर नुसती छाती दाबत राहा. 'बरगडी मोडली तर?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मोडलेली बरगडी भरून येते.

चक्कर, फिट आणि साखर कमी होणे

कार्यालयात या गोष्टी जास्त दिसतात. चक्कर आलेल्याला आडवे झोपवा, पाय थोडे उंच करा. फिट आली तर आजूबाजूच्या वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांमध्ये चमचा घालू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करा.

मधुमेही सहकाऱ्याला घाम सुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला तर तो शुद्धीत आणि गिळू शकत असतानाच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते.

हे शिकायचे कुठे आणि कोणी?

हा लेख वाचून माहिती मिळेल, पण हाताला सवय लागणार नाही. छाती किती जोराने दाबायची हे पुतळ्यावर दाबूनच कळते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस या संस्था भारतात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतात. शिकलेले काही महिन्यांत विसरायला होते, त्यामुळे दरवर्षी उजळणी करा. प्रत्येक पाळीत किमान दोन प्रशिक्षित माणसे असावीत. रात्रपाळी विसरू नका आणि सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांनाही प्रशिक्षणात घ्या.

१९४८ च्या कारखाना अधिनियमानेच दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेली, कामाच्या वेळेत हजर असणारी व्यक्ती, अशी अट घातली होती. पेटीत ठरलेल्या वस्तूंखेरीज काही ठेवू नये, हेही त्यात होते. तुमच्या पेटीत स्क्रू आणि चहाच्या पुड्या असतील तर उद्याच काढा. पेटीला कुलूप नको.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर

मधुमेह, फिट, दमा, हृदयविकार किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर विश्वासातल्या किमान दोन सहकाऱ्यांना सांगून ठेवा. चालू औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा फोन नंबर पाकिटात ठेवा. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने अनेक रुग्ण आजार लपवतात. ती भीती मला समजते. सगळ्या ऑफिसला सांगू नका, पण शेजारी बसणाऱ्याला माहीत असू द्या. घरच्यांनीही एकदा विचारावे, "तुला तिथे काही झालं तर धावून येणारं कोण आहे?"

उद्या कामावर गेल्यावर तीन गोष्टी पाहून घ्या: पेटी कुठे आहे, मेन स्विच कुठे आहे आणि छाती दाबायला कोणाला येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर प्रशिक्षणासाठी पहिले नाव तुमचे द्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रथमोपचारानंतर रुग्णाला डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.*