मान दाबली जाते, मेंदू राबतो

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे काका घ्या. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागू लागतो. बँकेत सही जुळत नाही. चालताना पायातली चप्पल निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर ते त्यांच्या लक्षात येतं. मान दुखत असेलच असं नाही, म्हणून मानेचा संशय कुणालाच येत नाही. ‘आता वय झालं’ एवढ्यावर घरात विषय मिटतो.

मानेच्या मणक्यांमधली, मज्जारज्जू जिच्यातून जातो ती पोकळी पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असते. ती 13 च्या खाली गेली की अरुंद मानतात. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या झिजून फुगतात, हाडं वाढतात. काहींचा मणक्यांमागचा अस्थिबंधच हाडासारखा कडक होतो, आणि हा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो. मधला मज्जारज्जू मग चेपला जातो. डॉक्टरी भाषेत ही सर्व्हायकल मायलोपॅथी.

बोटं हलवण्याचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून सुटतो आणि मज्जारज्जूतून खाली उतरतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त येतं. या रक्ताचा चुंबकीय गुणधर्म वेगळा असतो. त्यावरून मेंदूचं काम टिपता येईल, हे सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवलं. रुग्ण एमआरआय यंत्रात आडवा होऊन काही सेकंद बोटं हलवतो, काही सेकंद थांबतो. दोन्ही वेळच्या चित्रांतला फरक म्हणजे त्या हालचालीसाठी मेंदूने केलेलं काम.

मज्जारज्जू दाबलेल्या रुग्णांच्या बऱ्याच अभ्यासांत असं दिसलं, की तेवढ्याच हालचालीसाठी मेंदूचा जास्त भाग कामाला लागतो. फोनवर आवाज नीट पोचत नसला की आपण मोठ्याने बोलतो, तसंच हे. इजा मानेत, पण मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातल्या चेतापेशींशी निगडित एक रसायनही काही रुग्णांत घटलेलं आढळलं आहे. मला यातली खरी गोम वेगळी वाटते. मेंदू असा सांभाळून घेत असेल, तर दुखणं झाकलेलंच राहणार. इस्रायलमधल्या 2013 च्या एका अभ्यासात निदानाला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता.

शस्त्रक्रियेने दाब काढल्यावर मेंदूतला हा पसारा पुन्हा बदलतो. मात्र मज्जारज्जूचे मेलेले तंतू परत येत नाहीत. म्हणून उशीर महागात पडतो.

घरी एक चाचणी करता येते. मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. दहा सेकंदांत हे वीसेक वेळा जमायला हवं. जमत नसेल तर न्यूरोसर्जनला दाखवा. निदानाला मेंदूचं चित्र लागत नाही, तपासणी आणि मानेचा एमआरआय पुरतो. आणि तोवर न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका.