मोडातील गोडी

निपाणीचे नाव निघाले की तंबाखूची आठवण होते आणि बेळगावच्या नावाबरोबर कुंद्याची. या गावांच्या आसपास, खानापूर-चंदगडच्या पावसाळी डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नाचणीची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. तरीही बिअरच्या कारखान्यांत मोठमोठ्या यंत्रांनी जी क्रिया घडविली जाते, तिचा पूर्वार्ध घरोघरच्या गृहिणी पातेले आणि फडके एवढ्याच साधनांनी नाचणीवर पार पाडीत आल्या आहेत.

बिअरसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे पाचकद्रव्य वाढते. कोवळ्या कोंभाला अन्न मिळावे म्हणून दाण्यातील पिष्टाची साखर करणे, हे त्याचे काम. हे दाणे वाळवून भरडतात आणि सुमारे ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवतात. पाणी गोड होते. पुढे हॉप घालून ते उकळतात व निवल्यावर यीस्टने आंबवितात. हा उत्तरार्ध कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्यामुळे परवान्यावाचून करता येत नाही. पूर्वार्धाला मात्र आडकाठी नाही, आणि लेकराच्या उपयोगाचा तोच आहे.

सहा महिन्यांनंतर मूल वरचे अन्न घेऊ लागते. त्याचे पोट लहान. लापशी दाट झाली तर ती त्याला गिळवत नाही. म्हणून आई पाणी वाढविते आणि वाटी भरलेली दिसली तरी आतले अन्न घटते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण ते पोटात गेले तर उपयोग!

यावर उपाय मोडाचा. नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधावी. बारीक पांढरे मोड दिसताच वाळवावी, मंद आचेवर किंचित शेकून दळावी. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर ती टाकूनच द्यावी. दाट शिजलेली लापशी चुलीवरून उतरून थोडी निवल्यावर, पण वाफ निघत असतानाच, तीत या पिठाचा एक चमचा ढवळावा. काही मिनिटांत लापशी पातळ होते. अन्न तेवढेच राहते. मग पुन्हा एक उकळी द्यावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच गुणाचा अभ्यास केला.

पीठ उकळत्या लापशीत टाकले, किंवा मोडाचे दाणे करपविले, तर पाचकद्रव्य नष्ट होते आणि सारे श्रम वाया जातात. साधने तुटपुंजी असली तरी चालते. आचेचा अंदाज चुकून चालत नाही.