जुन्या तांबड्या वाइनची परीक्षा

सीताफळांसाठी ख्यात असलेल्या आमच्या बीड जिल्ह्यात द्राक्षमद्याचे रसिक अल्पच. तथापि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची 'फ्रातेल्ली' वाइनरी सांजोवेसे व काबरने सोविन्यों या द्राक्षांपासून जी 'सेत्ते' ही तांबडी वाइन करते, तिच्या एकाच सालाच्या दोन-तीन बाटल्या राखून अंतराअंतराने उघडाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून प्रथम काठाचा रंग न्याहाळावा: कोवळेपणी जांभळट असणारी ही कडा कालांतराने माणिकरंगी व पुढे विटकरी होते, कारण सालींतून उतरलेली टॅनिन व रंगद्रव्ये परस्परांशी संयोग पावून जड होतात आणि अखेर गाळरूपाने तळाशी बसतात. त्याच संयोगामुळे जिभेला आवळणारा तुरटपणा मवाळतो, आणि ताज्या फळाच्या गंधाच्या जागी सुके अंजीर, चामडे, तंबाखू, ओली माती यांचे गंध येतात. मात्र तुरटपणा निवाल्यावरही आम्लता व फळाचा कस शिल्लक आहे काय, हाच खरा निकष. तो कस नसेल तर ती बाटली केवळ म्हातारी झाली, परिपक्व नव्हे. (बाजारातील बहुतेक वाइन मुळी लवकर पिण्याकरिताच केलेली असते, तिला कपाटात डांबून ठेवणे हा निव्वळ जुलूम.)

बीडचा 40 अंशांचा वैशाख हा या व्यासंगाचा हाडवैरी. बाटली 12 ते 15 अंशांत, अंधारात, बूच ओले राहील अशी आडवी ठेवावी. उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करून गाळ बसू द्यावा आणि सावकाश ओतावी.