चौरस फूट कमी, पावलं जास्त

निवृत्तीनंतर घर किती लहान घ्यायचं, हा प्रश्न नंतरचा. त्या घराच्या दारातून भाजी, औषधं आणि गप्पा किती पावलांवर आहेत, हे आधी मोजायला हवं.

माळ्यावरून सगळ्यात आधी उतरला तो तांब्याचा बंब. मागोमाग पाटा-वरवंटा, बारा माणसांची ताटं-वाट्या, मुलाच्या सायकलीचा पंप आणि सुतळीनं बांधलेले दिवाळी अंकांचे अकरा गठ्ठे. पुण्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या कडेच्या एका मोठ्या वसाहतीत ताई आणि भाऊजी अठरा वर्षं राहिले. तो तीन बेडरूमचा फ्लॅट विकून ते सदाशिव पेठेतल्या वन बीएचकेत निघाले होते आणि मी आवराआवरीला गेलो होतो.

“बंब मोडीत दिला तर किती येतील?” भाऊजींनी विचारलं.

“अहो, किती येतील ते राहू द्या. तिकडे तो ठेवायचा कुठे, ते सांगा,” ताई म्हणाली.

बंब गेला. अंक रद्दीवाल्याकडे गेले. बोहारीण साड्यांचं बोचकं घेऊन गेली आणि बदल्यात स्टीलचे दोन डबे ठेवले. त्यातला एक ताईनं तिलाच परत दिला, कारण नव्या स्वयंपाकघरात त्यालाही जागा नव्हती.

हा निर्णय त्यांनी हौसेनं घेतला नव्हता. त्या वसाहतीत कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढावी लागे. गाडी काढलीच आहे म्हणून मग आठवड्याभराची भाजी भरली जाई आणि तिच्यासाठी मोठा फ्रिज लागे. भाऊजींना मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांनी दिपायला लागलं आणि त्यांनी अंधारात गाडी चालवणं सोडलं. त्याबरोबर नाटक सुटलं, गाणं सुटलं, मित्राकडचा ब्रिजचा डाव सुटला. घर तेवढंच मोठं होतं, पण संध्याकाळी सहानंतर जग गेटपाशी संपत होतं.

म्हातारपणात आधी गाडी सुटते, पाय बऱ्याच वर्षांनी. गाडी सुटल्यानंतरची ती वर्षं कुठे काढायची, एवढाच या स्थलांतरातला खरा प्रश्न आहे.

पेठांनी जमवलेलं गणित

पुण्याच्या पेठा मोटारीच्या कितीतरी आधी वसल्या. माणूस, बैलगाडी आणि फार तर घोडा, एवढ्यांच्या मापानं त्यांचे रस्ते आखले गेले. कात्रजहून नळानं आणलेलं पाणी पेठेतल्या हौदांत पडे. जवळपास देऊळ असे, तालीम असे, वाण्याचं दुकान असे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही रचना वाडे जाऊन इमारती आल्या तरी बरीचशी टिकली. नव्या वसाहतींत याच्या उलट आखणी झाली. राहायचं एकीकडे, खरेदी दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे आणि मध्ये हमरस्ता.

कार्लोस मोरेनो या पॅरिसमधल्या प्राध्यापकांनी २०१६ मध्ये ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. रोजच्या गरजेचं सगळं घरापासून पायी किंवा सायकलनं पंधरा मिनिटांत मिळालं पाहिजे, असं तिचं सूत्र. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर ॲन इदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत तीच कल्पना पुढे केली. एखाद्या जुन्या पेठकऱ्याला हे सांगितलं, तर “मग आम्ही इतकी वर्षं काय करतोय?” असं उत्तर मिळण्याची दाट शक्यता आहे.

ताईच्या नव्या दारातून पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात काय काय येतं? १८८६ मध्ये उघडलेली, अष्टकोनी मनोऱ्याची महात्मा फुले मंडई. १८४८ सालचं पुणे नगर वाचन मंदिर. १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर, सारसबाग. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात टिळक स्मारकातच भरते. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला आणि मंडईखालीच स्थानक आलं. स्वारगेटला एसटी आहेच. महाराष्ट्रात ६५ वर्षांनंतर एसटीचं तिकीट निम्मं आणि पंचाहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट.

भाऊजींच्या नाटकाची तिकिटं पुन्हा निघू लागली. प्रयोग संपल्यावर रात्री ते चालत घरी येतात.

पावशेर गवार

लहान घराचा एक फायदा मला ताईकडे राहिल्यावरच कळला. फ्रिज लहान, म्हणून भाजी रोज. पावशेर गवार, चार लिंबं, एक जुडी मेथी. आधी महिन्यातून चार वेळा होणारी खरेदी आता तीस वेळा होते. मंडई त्यांच्या दारापासून साधारण किलोमीटरभर आहे. या वयाच्या माणसाची किलोमीटरला सुमारे दीड हजार पावलं पडतात, म्हणजे जाऊन-येऊन तीन हजार झाली. संध्याकाळी वाचनालय किंवा सारसबाग केली, की आणखी दोन-अडीच हजार. व्यायाम म्हणून यातलं एकही पाऊल टाकलेलं नसतं.

दिवसाला दहा हजार पावलं हवीतच, असं आपण ऐकत आलो. तो आकडा रूढ झाला १९६५ मध्ये जपानात बाजारात आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्रामुळे. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होता. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावलं मोजून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. धडधाकट माणूस मुळातच जास्त चालतो, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायला हवा. तरीही निवृत्त माणसाला त्यातून धीर येतो. मंडई आणि वाचनालय एवढ्यावर बहुतेक काम होतं.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायला सांगते. भाऊजींनी त्यासाठी पर्वतीच्या पायऱ्या धरल्या आहेत. चढताना दोन विसावे, उतरताना कठडा.

पैशाचा हिशेब

‘मोठं विकून लहान घेतलं की हातात रग्गड पैसा येतो’, हे मध्यवस्तीत सहसा खरं ठरत नाही. तिथे चौरस फुटाचा भावच चढा. शिवाय पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. म्हणजे एक कोटीच्या घराला सात लाख तीस हजार रुपये असेच गेले.

दिलासा प्राप्तिकरात आहे, पण त्याचं गणित पुष्कळांना उलटं वाटतं. दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असलेलं घर विकलं की जो नफा होतो, त्यावर कर असतो. तो नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करमाफी मिळते. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घ्यावं लागतं. इथे विक्रीची सगळी रक्कम गुंतवायची नसते, नफ्याएवढी गुंतवली की पुरतं. समजा, ४० लाखांना घेतलेलं घर १ कोटी ४० लाखांना विकलं. नफा एक कोटीचा. नवं घर एक कोटीचं घेतलं तर त्या नफ्यावर कर नाही आणि उरलेले ४० लाख हातात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही, तर नफ्याची रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. ती नुसत्या बचत खात्यात पडून राहिली, तर सवलत हातची जाते. नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तरी तेच. बाकी बारकावे सीएकडून समजून घ्यावेत, तेही खरेदीखतावर सही करण्याआधी.

उरलेल्या पैशाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा आधार आहे. त्यात माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. ८.२ टक्के दर धरला, तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. ताईकडे याखेरीज एक बचत झाली. गाडी विकल्यामुळे विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि अधूनमधून बोलावला जाणारा ड्रायव्हर, हे सगळे खर्च एका दिवसात बंद झाले.

आणखी एक. नवं घर घेताना सोसायटीत नॉमिनीचं नाव दिलं म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घर कोणाला जायचं, ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. मुलांच्या नावावर हयातीतच बक्षीसपत्र करणार असाल, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात असू द्या. ती अट लिहिलेली असेल आणि मुलांनी ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार असा व्यवहार रद्द करून घेता येतो.

फूटपाथवरची अडचण

इथपर्यंत वाचून पेठ म्हणजे स्वर्ग, असं कोणाला वाटेल. राहायला येऊन महिना झाला नाही तोच ताई एका हललेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळली. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. सगळं जवळ असणं आणि चालता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पेठांकडे पिढीजात आहे, दुसरी महापालिकेनं द्यायची आहे.

फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नसावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ, बाकडी, झाडांची सावली असं देखणं काम झालंही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. फूटपाथवरून निर्धोक चालण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. पण उरलेल्या दिवशी पेठेतल्या फूटपाथवर दुचाकी असते, तिच्यामागे टपरी असते आणि आजोबा रस्त्यावर असतात.

सिग्नलचं तर साधं गणित आहे. रस्ता ओलांडायचा वेळ सहसा सेकंदाला १.२ मीटर या वेगानं धरतात. म्हणजे अठरा मीटरच्या रस्त्याला पंधरा सेकंद. सत्तरीपुढची पुष्कळ माणसं सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतात. त्यांना साडेबावीस सेकंद लागतात. त्या साडेसात सेकंदांत आजी रस्त्याच्या मधोमध उभी असते आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजत असतात.

पिशवी घेऊन घर बघा

म्हणून अशा घराच्या शोधात चटईक्षेत्रापेक्षा वेगळ्या गोष्टी तपासायच्या. लिफ्टला जनरेटर आहे का? इमारतीच्या दाराशी पायऱ्या किती आणि कठडा आहे का? रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान किती लांब? वाटेत बसायला बाक आहे का, आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नाही, पण कितीतरी ज्येष्ठांचं बाहेर पडणं केवळ त्यावर अडतं. शक्य असेल तर त्या भागात आधी सहा महिने भाड्यानं राहा. त्यात एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव येऊ द्या. ढोल-ताशा सोसत नसेल, तर ते खरेदीखताआधी कळलेलं बरं.

आणि हे साठीच्या आसपास करा. नव्या गल्लीत ओळखी व्हायला दोन-चार वर्षं जातात. पंचाहत्तरीत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घर बदललं तर जागा मिळते, पण कट्टा मिळत नाही. ताईला सोसायटीतली भिशी आणि खालची बाग अजून आठवते. मुलगा आला की त्याचं कुटुंब हॉलमध्ये गाद्या घालून झोपतं. पहिल्या वर्षी त्याला ते फार खटकलं होतं. पण ते तीन आठवडे असतात आणि उरलेले एकोणपन्नास या दोघांचे.

पुढच्या रविवारी घर बघायला जाल, तेव्हा गाडी दोन चौक अलीकडे लावा. हातात कापडी पिशवी घ्या, वाटेत भाजी घ्या आणि उरलेलं अंतर चालत जा. दारापाशी पोचेपर्यंत दम लागला, जीव मुठीत धरावा लागला किंवा रस्ता कंटाळवाणा वाटला, तर लिफ्टचं बटण न दाबताच परत फिरा.