कापसाचा मुलूख आणि अग्निशमनाची शाळा

कापसाच्या गाठीतील आग वरून विझली तरी पोटात धुमसत राहते, हे जळगाव-धुळ्याच्या जिनिंगच्या आवारात वाढलेल्या कोणासही नव्याने सांगावे लागत नाही. आणि म्हणूनच १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास लागलेल्या आगीची हकीकत मी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा वाचीत आलो आहे. कराचीहून आलेल्या त्या जहाजात हजारो गाठी आणि स्फोटके एकत्र रचलेली होती. बंबवाल्यांनी अविश्रांत पाण्याचा मारा चालविला, परंतु चार वाजून गेल्यावर जहाज फुटले व ६६ अग्निशामक कामी आले.

त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि शाळकरी मुलांना बंब व प्रात्यक्षिके दाखविण्याचा प्रघातही याच सप्ताहाशी निगडित आहे. मात्र त्या दिवसांत आमच्या शाळा वार्षिक परीक्षेत गुंतलेल्या असतात, आणि ज्याला या पेशाची वाट दाखवावयाची तो दहावीचा विद्यार्थी मार्चमध्येच परीक्षा देऊन शाळेबाहेर पडलेला असतो.

वाट अस्तित्वात आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये अग्निशमन तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईस राज्य शासनाचे प्रशिक्षण आहे, आणि १९५६ साली रामपुरास स्थापन होऊन पुढच्याच वर्षी नागपुरास आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. त्या महाविद्यालयात २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तेव्हा तेथे शिकणारी ती पहिली स्त्री ठरली; आणि गणवेशाची ओढ घेऊन एन.सी.सी.त दाखल झालेली ही छात्रा अखेर अग्निशमनाकडे वळली, हा मला त्या वृत्तान्ताचा गाभा वाटतो, कारण कोवळ्या वयात जडलेली शिस्त योग्य दार दिसताच आपण होऊन मार्ग काढते. स्काउटांच्या प्रावीण्य पदकांत ‘अग्निशामक’ हे पदक आहेच. जर्मनीत तर किशोरांची पहिली अग्निशमन तुकडी १८८२ सालीच उभी राहिली.

या शिक्षणाचे मोल भरतीपुरते नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, प्रवासी जीव वाचविण्यासाठी शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जण प्राणांस मुकले. आग नव्हतीच, भीतीस आवर घालणारे, उतरण्यापूर्वी दुसरा रूळ पाहा असे ओरडून सांगणारे शिकविलेले तरुण डब्याडब्यांत असते, तर कित्येकांचे प्राण वाचू शकले असते, असे मला वाटते.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा भरतात त्याच सुमारास नवा कापूस जिनिंगमध्ये येऊ लागतो व ठिणगीचे भय वाढते. त्या पंधरवड्यात जळगाव व धुळे महापालिकांच्या अग्निशमन खात्यांनी, जिनिंगमालकांनी आणि स्काउट-शिक्षकांनी मिळून नववीच्या मुलामुलींना होज धरण्यापासून जमाव आवरण्यापर्यंतचे धडे द्यावेत, व वर्षअखेरीस त्याचा दाखलाही द्यावा. एप्रिलचा सप्ताह हुतात्म्यांचा आहे, तो तसाच राहो. शिकविण्याचा हंगाम मात्र खानदेशाने आपल्या कापसाच्या हंगामाबरोबर धरावा.