हवेची वाट

सकाळी साडेनऊ

शटर वर केलं की पहिलं काम टेबलावरच्या थर्मामीटरचा आकडा वहीत उतरवायचं. आज ३४. नवतपा चालू आहे; दुपारी नागपुरात बाहेर ४५ होतील आणि दुकानात ३९-४०. हा आकडा लिहिल्याशिवाय मी कुठल्याच कॉम्प्युटरचं तापमान मोजायला घेत नाही. पंखा हवा खेळवतो, हवा थंड करत नाही. कॅबिनेटमधला कुठलाच भाग नुसत्या पंख्यांनी खोलीपेक्षा गार होणार नाही. डिसेंबरात ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० ला टेकतो, तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, खोलीच वीस अंशांनी चढलेली असते. म्हणून आतलं तापमान, खोलीचं तापमान आणि दोन्हींतला फरक असे तीन रकाने. माझं लक्ष तिसऱ्यावर असतं.

सव्वादहा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका स्टुडिओवाल्या भाऊंचं मशीन कालपासून आलेलं आहे. रेंडर लावला की अर्ध्या तासात हळू होतं, मग बंदच पडतं. काल ठेवून जाताना त्यांनी विचारलं होतं, "ताई, सहा पंखे आहेत ह्याच्यात, तरी काऊन तापते?"

प्रश्न रास्त आहे. पुढे काचेआड तीन, वर दोन, मागे एक, सगळे रंगीत लाइटवाले. पण पंखे किती आहेत यापेक्षा हवा कुठून येते, कशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते हे आधी बघायचं. मशीन चालू करून एक उदबत्ती लावली आणि प्रत्येक पंख्यापाशी धरली. पुढचे तीन धूर आत ओढतात, जेमतेम. वरचे दोन बाहेर टाकतात. मागचाही आत ओढतोय! पंखा बदलताना कुणीतरी उलटा बसवलेला. प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा पंखा गरम हवा मागे ढकलतो आणि मागचा पंखा तीच हवा त्याच्या तोंडावर परत मारतो.

हे ओळखायला उदबत्तीही लागत नाही. मोटर धरून ठेवणारे दांडे आणि स्टिकर पंख्याच्या ज्या बाजूला असतात, तिकडून हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात: एक पातं कुठे फिरतं ते दाखवतो, दुसरा हवा कुठे जाते ते. बसवताना दहा सेकंद बघितलं तर एवढा व्याप होत नाही.

मग माझी नेहमीची परीक्षा. पूर्ण लोडवर ग्राफिक कार्ड ८७ वर स्थिर होऊ दिलं, बाजूची काच काढली आणि थांबले. थोड्याच वेळात ७६. काच काढल्यावर दोन-तीन अंशच फरक पडला, तर दोष दुसरीकडे शोधायचा, म्हणजे थर्मल पेस्ट, हीटसिंकची पकड, साचलेली धूळ. दहा-अकरा अंश उतरले म्हणजे पेटीचा श्वास कोंडलाय, यात शंका नाही.

साडेअकरा

कोंडतोय कुठे, तर पुढच्या काचेपाशी. तीन पंखे, त्यांच्यासमोर अखंड काच आणि हवा यायला कडेला बोटभर फट. अशी कॅबिनेट दुकानात फार देखणी दिसतात आणि विदर्भात कुणी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पंख्याच्या डब्यावर मिनिटाला अमुक घनफूट हवा असं छापलेलं असतं. तो आकडा समोर काहीच आड नसतानाचा. जाळी आली की हवा घटते, काच आली की फारच घटते.

हिशेब अवघड नाही. हे मशीन रेंडर करताना सुमारे ४०० वॉट खातं आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आतली हवा खोलीपेक्षा दहाच अंश गरम राहावी असं वाटत असेल, तर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा आरपार गेली पाहिजे, म्हणजे मिनिटाला ७० घनफूट. १२० मिलिमीटरचे दोन-तीन साधे पंखे हे काम निवांत करतात, फक्त त्यांना येण्याजाण्याची वाट मोकळी हवी.

काच काढून बाजूला ठेवली. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून भोकांचा पत्रा मापाने कापून आणला, मागून धुळीची बारीक जाळी लावली. मागचा पंखा सुलटा केला. वरच्या दोनांपैकी पुढचा काढून टाकला आणि ते भोक बंद केलं. त्या जागेवरचा पंखा मला कधीच पटलेला नाही: पुढून आत आलेली ताजी हवा हीटसिंकपर्यंत पोचायच्या आधीच तो वरून बाहेर काढून देतो. गरम हवा वर जाते हे खरं, पण पंखे फिरत असलेल्या पेटीत ती आपसूक चढण फार क्षीण असते. हवा पंखा नेईल तिकडे जाते.

आता तीन आत घेणारे, दोन बाहेर टाकणारे. बाहेर जाते त्याहून आत थोडी जास्त यावी असा माझा आग्रह असतो. मग पेटीच्या बारीकसारीक फटींतून हवा बाहेरच पडत राहते आणि आत येणारी बहुतेक जाळीतूनच येते. उलट केलं तर प्रत्येक फट धूळ ओढते. मे महिन्यातल्या वावटळींत हा फरक पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतो.

दीड

लोड टेस्ट लावून डबा उघडला.

अडीच

इंजिनिअरिंगच्या एका मुलीचं नवीन मशीन असेंबल करायचं आहे. बजेट आखूड. तिने यादीत सहा लाइटवाले पंखे लिहिले होते. तिला विचारूनच ते काढले आणि त्या पैशात जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट आणि चार पिनांचे साधे तीन पंखे बसवले. पुढे दोन, मागे एक. चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड पंख्याला वेगाचा इशारा देतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलावा लागतो, आणि बायोसमध्ये ती सेटिंग केली नाही तर तो सदैव पूर्ण वेगाने ओरडत राहतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज पुष्कळच उतरतो. एक पंखा पिटाळण्यापेक्षा दोन सावकाश चालवलेले बरे, ते यासाठी.

साडेपाच

धरमपेठेत एका काकांकडे. पेन्शनची कामं आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. तरी मशीन तापून फणफणतं. बघते तर कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात, मागे प्लायवूड, पुढे दार. आत बसवलेले पंखे उत्तम होते. पण मागून बाहेर पडलेली गरम हवा प्लायवर आपटून पुन्हा पुढूनच आत शिरत होती.

काकांना म्हटलं, "तुम्ही कूलर लावता तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवता ना?"

"अर्थात. नाहीतर कोंदट होतं नुसतं."

"तसंच आहे हे. ह्या कप्प्याला खिडकी नाही."

नागपूरच्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. काकांनी स्वतःच सुताराला फोन लावला. मागच्या प्लायला कॅबिनेटच्या पाठीएवढी चौकट कापायची आणि पुढचं दार काढायचं. तोवर मशीन बाहेर टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे. "मग कूलरच्या समोरच ठेवू का?" असं काकूंनी विचारलं, त्याला मात्र ठाम नाही. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा बसतो.

साडेसात

स्टुडिओवाले भाऊ आले. खोलीत ३८, अर्धा तास रेंडर चालू, ग्राफिक कार्ड ७९ वर स्थिर. त्यांच्यासमोर शेवटचं काम केलं. पुढचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले होते. रेंडरचं बरंच ओझं ग्राफिक कार्ड उचलतं, ते तापलं तरी प्रोसेसर थंड असेल तर पुढच्या पंख्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून त्यांचा किमान वेग ६० टक्क्यांवर बांधून टाकला, आणि वेग बदलायला काही सेकंदांची सवड दिली, म्हणजे दर क्षणाला आवाज वरखाली होत नाही.

जाळी पावसाळा लागेपर्यंत दर पंधरवड्याला काढून धुवायची, पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही. आत ब्लोअर मारताना प्रत्येक पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर झोताने पंखा नको तितका वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. भाऊंनी हे मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतलं आणि काच सोबत न्यायची का, असं विचारलं. न्या म्हटलं, घरी ठेवा.