सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ शेरा? आधी हे करा

कोकणात आपल्या अनेकांच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा दिसतो आणि विक्री, वाटणी, तोड सगळं तिथेच अडकतं.

३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने अशी वने सरकारजमा झाली. अनेक प्रकरणांत आधार असतो तो वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) खालील नोटिशीचा. पण २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉईस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली हवी.

म्हणून आम्ही सांगतो:

• शेऱ्याचा फेरफार तलाठ्याकडून काढा.
• नोटीस बजावल्याचा पुरावा वन खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागा.
• जमीन वन आहे की नाही, हा वाद कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडता येतो.
• संपादनामुळे धारणा १२ हेक्टरखाली गेली असेल, तर कलम २२अ वकिलाला दाखवा.

मुंबई-आखातातले भाऊ आणि बहिणीही, सगळ्या वारसांची नोंद आधी करून घ्या. निकाल लागेपर्यंत झाडाला कुऱ्हाड लावू नका, नाहीतर गुन्हा आपल्याच नावावर लागेल.